पट्ट्यावरची रेघ

जुनी गाडी बघायला गेले की मी आधी बॉनेट उघडत नाही. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसते, दार लावून घेते आणि सीटबेल्ट ओढते. नेहमी लावतो तेवढाच नाही, पार शेवटपर्यंत, आतलं रीळ संपून खट्‌कन अडेपर्यंत. गाडी विकायला काढणारा माणूस काचा पुसतो, चटया झटकतो, डॅशबोर्डला चकाकी आणतो. पण पट्ट्याचा हा शेवटचा हातभर तुकडा कुणी धूत नाही, कारण तो कधी बाहेर येतच नाही. त्या दुपारी मी पट्टा ओढला आणि शेवटच्या दोन वितींवर, दोन्ही कडांना, तपकिरी रंगाची रेघ दिसली. वाळलेल्या गाळाची. बोटाने खरवडली तर नखात बारीक माती आली. वास घेतला. तळ्याच्या काठावर येतो तसा, जुना, गार वास. म्हणजे या गाडीत कधीतरी पाणी शिरलं होतं, उंबरठा ओलांडून सीटच्या बुडापर्यंत. मी पट्टा सोडला. तो सावकाश आत गेला, रेती चाळावी तसा आवाज करत. काच खाली होती आणि बाहेर गाडीचे मालक उभे होते, सत्तरीच्या आसपासचे, हात मागे बांधलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. “बघितलंत?” ते म्हणाले. मी म्हटलं, “हो.”

मी काहीच विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.

घरी आल्यावर ती रेघच डोळ्यांपुढे येत राहिली. तोवर मी पाहिलेल्या सगळ्या गाड्यांत हीच उजवी होती, यात शंका नव्हती. मग विचारलं का नाही? ते खोटं बोलतील याची भीती वाटली की काय? की खरं बोलतील आणि मग मला मनात बसलेली गाडी सोडून द्यावी लागेल, याची? की त्या माणसाचे ते मागे बांधलेले हात बघून मला एकदम संकोच वाटला? कुणाच्या घरी गेल्यावर भिंतीवरची ओल दिसावी आणि आपण नजर दुसरीकडे वळवावी, तसं काहीतरी झालं होतं.

गाडी हवी आहे ती नावेसाठी. भावाची आणि माझी मिळून एक जुनी लाकडी नाव आहे. नाव, तिचं इंजिन, ट्रेलर, दोर, नांगर आणि भरलेली इंधनाची टाकी असं सगळं एकदा वजनकाट्यावर चढवलं तेव्हा आकडा आला ९४० किलो. तोवर आम्ही “असेल सहाशे-सातशे” असं म्हणत होतो. अनेक देशांत ७५० किलोच्या पुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात, कारण त्यापुढे ओढणाऱ्या गाडीचे ब्रेक एकट्याने पुरे पडतील असं धरून चालता येत नाही. मुख्य रस्ता सोडला की पाण्यापर्यंत दोन किलोमीटर कच्ची वाट. आधी दगड, मग चिखल, आणि शेवटी पाण्यात उतरणारा शेवाळलेला उतार. नाव पाण्यात सोडणं सोपं. संध्याकाळी तीच नाव भिजून, जड होऊन वर ओढायची असते तेव्हा गाडीचा खरा कस लागतो. भावाची गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. त्या उतारावर सगळा भार मागे जातो, पुढची चाकं हलकी पडतात आणि जागच्या जागी फिरत राहतात. जळक्या रबराचा आणि ओल्या शेवाळाचा तो मिसळलेला वास मला आजही ओळखू येतो. नाव वर येत नाही, गाडी इंचाइंचाने पाण्याकडे सरकते, आणि मी चाकामागे ठेवायला दगड शोधत धावते आहे, असं एकदा नाही, तीनदा झालं.

त्याहून वाईट झालं ते गुळगुळीत, कोरड्या, सरळ रस्त्यावर. नावेचं इंजिन मागच्या टोकाला असतं. त्या दिवशी नांगर आणि दोन भरलेले डबेही आम्ही मागेच टाकले होते. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा भाग गाडीच्या हुकावर टेकलेला असला की ट्रेलर निमूट मागे येतो, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. हुकावर भार उरला नव्हता, मागचं टोक जड. एका उतरणीवर वेग वाढला आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी किंचित, कुणी हलकेच हाक मारावी तसा. मग गाडीची शेपूट धरून ओढावी तसा, डावीकडे, उजवीकडे, प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा. भावाचा पाय ब्रेककडे जात होता. मी ओरडले, नुसता एक्सिलरेटर सोड, स्टेअरिंग सरळ धर. हे मला कुठून सुचलं सांगता येणार नाही; कधीतरी बाबांच्या तोंडून ऐकलेलं असावं. वेग उतरला तसा ट्रेलर शांत झाला. आम्ही कडेला थांबलो आणि बराच वेळ कुणी बोललं नाही. भावाच्या हातांचे ठसे स्टेअरिंगवर ओले उमटले होते.

तेव्हाच ठरलं की पुढची गाडी फोर बाय फोर, चारही चाकांना जोर देणारी. आणि शोधायला लागल्यावर हळूहळू लक्षात आलं की आपण एका गाडीकडून दोन उलट स्वभाव मागतो आहोत.

ओढणाऱ्या गाडीला लांबी हवी. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, जितकं जास्त, तितकी ट्रेलरने तिला हलवण्याची शक्यता कमी. आडवाटेच्या गाडीला आखूडपणा हवा, म्हणजे उंचवटा ओलांडताना पोट टेकत नाही. महायुद्धातली जीप ८० इंचांच्या व्हीलबेसची होती, आणि १९४८ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेली पहिली लँड रोव्हरही ८० इंचांचीच. दोन्ही बकरीसारख्या चढणाऱ्या. पण जड नाव मागे बांधून हमरस्त्यावर मी त्यांच्यात बसणार नाही. १९९० साली आलेल्या लँड क्रूझर ८० सिरीजचा व्हीलबेस २८५० मिलिमीटर, म्हणजे ११२ इंचांच्या वर. तिच्यामागे ट्रेलर गुमान चालतो, पण अरुंद दगडी वळणावर तिला दोनदा मागे-पुढे करावं लागतं. ट्रेलरसाठी मागच्या स्प्रिंगा ताठ हव्यात. खडकांवर त्याच मऊ हव्यात, म्हणजे एक चाक खड्ड्यात उतरलं तरी बाकीची जमीन सोडत नाहीत. ट्रेलर ओढताना टायरमध्ये हवा पुरेपूर लागते. रेतीत आणि चिखलात तीच हवा सोडावी लागते, म्हणजे टायर पसरून जमीन धरतो. एवढंच काय, नाव ओढायला जो हुक लावायचा तोच मागे खाली लोंबतो आणि खोलगटातून वर चढताना आधी जमिनीला घासतो. यावर तोड नाही. प्रत्येक वेळी कशाचा तरी थोडा त्याग करावा लागतो, आणि तो कशाचा करायचा हे दुसरं कुणी सांगू शकत नाही. मी ठरवलं की आडवाट थोडी कमी चालेल, ओढणं पक्कं हवं. ते ठरवायला मला चार महिने लागले.

बाबांच्या कामावर एक जुनी जीप होती. गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे. एक पुढची चाकं जोडायला, दुसरा लो रेंजसाठी. चिखल आला की बाबा खाली उतरायचे, पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या हाताने फिरवून हब लॉक करायचे, वर येऊन पँटला हात पुसायचे आणि मग मला सांगायचे, “ओढ.” तो दुसरा दांडा ओढायचा मान माझा होता. तो लगेच बसायचा नाही. आत दातऱ्यांची कुरकुर व्हायची, मग एक जाड ‘टक’ तळहातातून खांद्यापर्यंत यायचा. त्यानंतर जीप वेगळीच व्हायची. इंजिन जोरात गुणगुणतंय आणि गाडी माणूस चालतो त्याहून सावकाश. लहानपणी मला वाटायचं, लो रेंज म्हणजे जादा ताकद. बाबा म्हणायचे, “ताकद आहे तेवढीच आहे, आपण फक्त घाई कमी केली.” चाकांवरचा रेटा दुपटीने, काही गाड्यांत चौपटीने वाढतो आणि वेग त्याच हिशेबाने उतरतो. उतारावर गाडी इंजिनच धरून ठेवतं. ब्रेकला हात जोडायची वेळ येत नाही. शेवाळलेल्या उतारावर भिजलेली नाव ओढताना मला नेमकी हीच घाई कमी करणारी गोष्ट हवी होती. चारही चाकांना जोर जातो पण लो रेंज नाही, अशा गाड्या पाऊस, बर्फ, निसरडा रस्ता यांना चांगल्या. माझ्या उताराला त्या पुरणार नाहीत, एवढं मला कळून चुकलं होतं.

आणखी एक आठवण. चिखल संपून कोरडा रस्ता लागला की बाबा लगेच पुढची चाकं सोडवायचे. एकदा विसरले. एका वळणानंतर स्टेअरिंग जड झालं, जीप कण्हल्यासारखी चालायला लागली आणि दांडा सुटेना. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबची वाट चालतात. मधल्या डिफरन्शियलशिवाय, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीशिवाय, दोन्ही अ‍ॅक्सल (चाकांचे आस) एकमेकांना जखडलेले असले की हा फरक जायला जागा नसते, तो शाफ्टांमध्ये पीळ बनून साठतो. कच्च्या जमिनीत चाकं थोडी घसरतात आणि पीळ निघून जातो. कोरड्या डांबरावर जात नाही. बाबांनी जीप चार हात मागे घेतली आणि दांडा आपोआप सुटला. १९७० च्या रेंज रोव्हरने मध्येच एक डिफरन्शियल बसवून, आणि लागेल तेव्हा ते लॉक करायची सोय देऊन, रस्ता आणि रान दोन्ही एकाच गाडीत बांधलं, हे मी फार नंतर वाचलं. तोपर्यंत माझ्यासाठी उत्तर तेच होतं: चार हात मागे जायचं.

तर गाड्या. एक पाहिली ती शोरूममधून आत्ताच निघाल्यासारखी. एकही ओरखडा नाही. मालक अभिमानाने म्हणाला, “फोर-व्हील एकदाही वापरलेलं नाही.” आम्ही गवतावर नेऊन दांडा ओढला, हललाच नाही. वर्षानुवर्षं न हललेला सांधा जसा धरतो, तसा तो जाम झाला होता. माझ्याबरोबर आलेल्या मेकॅनिकने गुडघ्यावर बसून खाली पाहिलं आणि म्हणाला, “ताई, न वापरलेली फोर-व्हील आणि न वापरलेला पंप, दोन्ही सारखेच. लागेल तेव्हा चालणार नाहीत.” दुसरी एक गाडी उंच चढवलेली, मोठ्या टायरांची, पुढे विंच, वर दिवे. बघायला देखणी. पण टायर मोठे केले की गिअर लांब पडतात आणि ब्रेकना जास्त झटावं लागतं. गाडी उंचावली की तिचा तोल वर जातो, हुकही वर जातो, आणि प्रोपेलर शाफ्ट ज्या कोनात फिरायला बनवलेला नाही त्या कोनात फिरतो. ड्राइव्हमधून रिव्हर्सला टाकताना खालून ‘ठक’ असा पोकळ आवाज आला. तिसरीच्या चासीला खालून ताजा, चकचकीत काळा रंग दिलेला. मेकॅनिकने स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत मागपर्यंत नेलं. टण्ण, टण्ण, टण्ण, आणि मागच्या स्प्रिंगच्या कमानीपाशी ‘थप’. चासीच्या पोकळ पट्टीत चिखल साचतो, ओला राहतो आणि लोखंड आतून खातो. बाहेरचा रंग फक्त झाकतो. त्याच गाडीच्या मागे, जिथे हुक असतो तिथे, चार रिकामी भोकं होती, कडा घासून चकाकलेल्या, आणि कापून टेप गुंडाळलेली एक वायर. मालक शपथेवर म्हणाला की या गाडीने कधी काही ओढलेलं नाही. त्या चार भोकांकडे बघून मला रागही आला नाही, नुसता थकवा आला.

आणि ती पट्ट्यावर रेघ असलेली, काकांची गाडी. तिला हुक जागेवर होता. गोळ्यावर ग्रीस, ग्रीसखाली वापराने गुळगुळीत झालेलं लोखंड. शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, डिझेल, ऑटोमॅटिक गिअर. जड ओझं ओढताना ऑटोमॅटिक गिअरचं तेल तापतं, आणि तापलेलं तेल आतल्या पट्ट्या खातं. त्यांनी पुढे जाळीमागे तेलासाठी वेगळा कूलर बसवून घेतला होता. काडीवर तेल लालसर होतं, जळका वास नव्हता. चारही टायर एकाच मापाचे, एकाच खुणेचे, बाजूवरचे चार आकडेही जवळपास सारखे. त्या आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. स्टेअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवली तेव्हा पुढून कटकट नाही. गवतावर लो रेंज पहिल्याच ओढीत बसली, आणि तो जाड ‘टक’ माझ्या तळहातात आला. मला वाटतं, निर्णय तिथेच झाला होता. म्हणून तर मी विचारलं नाही. मेकॅनिक मात्र अ‍ॅक्सलकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, “श्वासाच्या नळ्या बघा, कुठवर नेल्यात.” अ‍ॅक्सलमधली गरम हवा बाहेर पडायला जी छोटी नळी असते, तिला लांब रबरी पाइप जोडून तो थेट इंजिनपर्यंत वर चढवलेला होता. पाइप बाकीच्या गाडीपेक्षा नवा होता.

एकदा पोळलेला माणूसच पाइप वर चढवतो.

आठवडा गेला. दुसऱ्या एका गाडीची वेळ ठरली होती, तिथे गेलेच नाही. रात्री काकांना फोन केला. मी नाव सांगायच्या आतच ते म्हणाले, “पट्टा ओढला त्या तुम्हीच ना?” मग जरा थांबून म्हणाले, “विकायला काढल्यापासून सात जण आले. पट्टा कुणी ओढला नाही. तुम्ही ओढलात, बघितलंत आणि विचारलं नाहीत. मला वाटलं, गेल्या.” मी म्हटलं, “काका, पाणी कसं शिरलं?” त्यांनी जे सांगितलं ते असं. ओळखीतल्या एकाची गाडी ट्रेलरसकट उतारावरून घसरून पाण्यात चालली होती. काका नुकतेच लांबचा प्रवास करून पोचले होते, त्यांची स्वतःची नाव मागे. ती सोडवली आणि तशीच गाडी पाण्यात घातली, दोर बांधला, लो रेंज टाकली. ओढून काढली. पण तोवर दारातून पाणी आत आलं होतं. “अ‍ॅक्सल तापलेले होते हो,” ते म्हणाले. “तापलेलं लोखंड गार पाण्यात गेलं की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढते. मला ठाऊक होतं. एरवी मी पाण्याशी पोचलो की अर्धा तास थांबायचो, चाकांना हात लावून बघायचो. त्या दिवशी थांबायला वेळ नव्हता.” फोनवर थोडा वेळ शांतता. “मी आपणहून सांगायला हवं होतं. तुमच्याकडे बघत होतो, तोंडातून निघेना.”

मी दुसऱ्याच दिवशी गेले. मेकॅनिकला घेतलं नाही. काकांनी जमिनीवर पुठ्ठा अंथरला होता, पाने मांडून ठेवले होते. म्हणाले, पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियलचं तेल तुमच्यासमोर काढतो. पाणी मिसळलेलं गिअर ऑइल दुधाळ, राखाडी होतं, लपत नाही. त्यांनी पुढचा बोल्ट सैल केला, मी बॅटरीचा उजेड धरला. तेल काळसर, जाड, तारेसारखी धार, आणि उजेडात धरलं की आरपार मधाचा रंग. बोल्टच्या चुंबकावर नुसती मऊ राखाडी पेस्ट, एकही कण नाही. त्यांनी ती बोटांत चोळून मला दाखवली आणि पहिल्यांदाच हसले. मग आम्ही मागे गेलो. मागचा बोल्ट घट्ट होता. पान्याला पाइप लावून जोर द्यावा लागला. सुटला, आणि पहिली धार आली तीच जरा फिकट. पूर्ण दुधाळ नाही. पण आत कुठेतरी ढग फिरत असावा तशी. काका तसेच पुठ्ठ्यावर आडवे पडून बघत राहिले. तेल ओसरत होतं, आवाज बारीक बारीक होत चालला. “दोनदा बदललं होतं,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले. “पाइप वर नेला. म्हणजे सील गेलंय. बाजूचं. मला कळायला हवं होतं.” त्यांच्या आवाजात विक्री फसल्याचं दुःख नव्हतं. आजारी माणसाची काहीतरी खूण आपल्या नजरेतून सुटली, तसा तो आवाज होता.

मी आदल्या रात्री ठरवून आले होते की थोडं जरी दुधाळ निघालं तर नमस्कार करून निघायचं. बॅटरी हातात होती, आणि निघायला पाय उचलत नव्हते. मी फडकं पुढे केलं. त्यांनी हात पुसले, उठून बसले, आणि सील काढायला आधी काय काय सोडवावं लागेल ते मोजायला लागले: चाक, ड्रम, मग अर्धा शाफ्ट बाहेर. मी ऐकत होते. मग विचारलं, “काका, नाव मागे असताना तो शेवाळाचा चढ तुम्ही कशात चढायचात?”

“लो,” ते म्हणाले. “दुसऱ्यावर धरून. आणि चाक फिरायला लागलं तर पाय काढायचा, वाढवायचा नाही.”

धार थांबली होती. थेंब पडत होते.